जजसाहेबांना स्टेजवर बोलवायचंय? न्यायाधीशांच्या कोर्टाबाहेरच्या बोलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करते. दहीहंडीपासून मार्चपर्यंत, म्हणजे मंडळं, स्नेहसंमेलनं आणि व्याख्यानमालांच्या मोसमात, माझ्याकडे वकिलीबाहेरचं एक काम हमखास येतं. ‘मॅडम, तुमच्या ओळखीच्या एखाद्या जजसाहेबांना आणा ना.’ नाही म्हटलं की प्रश्नांची फैर सुरू होते. कोर्ट नाक्यावर चहाचा ग्लास हातात धरून दिलेली ही उत्तरं एकदाची लिहून काढली.

एक गोष्ट आधीच सांगते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात बसतात ते न्यायाधीश, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात बसतात ते न्यायमूर्ती. हा फरक नुसता मानाचा नाही, तो पुढे कामाला येणार आहे.

आमच्या मंडळाच्या बक्षीस समारंभाला जजसाहेब येतील का?

बहुतेक नाही, आणि त्यात तुमचा अपमान नाही. जिल्हा कोर्टातले न्यायाधीश हायकोर्टाच्या नियंत्रणाखाली असतात, राज्यघटनेचं २३५वं कलम तसं सांगतं. असली निमंत्रणं ते आपल्या मनाने घेत नाहीत. त्यात आपल्या ठाण्यात दहीहंडी असो की नवरात्र, मंडपाच्या कमानीवर कुठल्या ना कुठल्या नेत्याचा हसरा फोटो असतोच. खाली ‘सौजन्य’ म्हणून बिल्डरचं नाव. उद्या त्याच नेत्याचा जामीन किंवा त्याच बिल्डरचा दावा त्याच साहेबांच्या बोर्डावर येऊ शकतो.

तुम्हाला खरोखर कायद्यावर काही ऐकायचं असेल तर वेगळा रस्ता आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहा. १९८७च्या कायद्याने ही व्यवस्था केली आहे आणि तिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशच असतात. ज्येष्ठ नागरिकांचे हक्क, कौटुंबिक हिंसाचार, लोकअदालत अशा विषयांवर शिबिरं होतात आणि तिथे न्यायाधीश मोकळेपणाने बोलतात. फक्त हार, तुरे आणि कमानी आवरा.

भाषणस्वातंत्र्य सगळ्यांना आहे, मग न्यायाधीशांनाच का नाही?

त्यांनाही आहे. कलम १९ त्यांच्यासाठी रद्द झालेलं नाही. सैन्य आणि पोलिसांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याची मुभा संसदेला कलम ३३ देतं, त्यात न्यायाधीशांचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे न्यायमूर्तींच्या तोंडाला कोणी कुलूप लावलेलं नाही, त्यांनी ते स्वतः लावून घ्यायचं असतं. शपथ घेताना ते म्हणतात की भीती, पक्षपात, ममत्व किंवा आकस मनात न ठेवता काम करीन. एखाद्या विषयावरचा आकस किंवा ममत्व काल माइकवर बोलून दाखवलं, तर आज ते मनात नाही हे पक्षकाराने कशावरून मानायचं?

हे नियम लिहिलेले कुठे आहेत?

७ मे १९९७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायमूर्तींनी मिळून न्यायिक जीवनमूल्यांचा एक सोळा कलमी मसुदा स्वीकारला. तो कायदा नाही. मोडला तर दंड किंवा कैद नाही. आठवं कलम म्हणतं की राजकीय विषयांवर, तसंच जे विषय कोर्टापुढे आहेत किंवा येण्यासारखे आहेत त्यांवर न्यायाधीशाने जाहीर मत देऊ नये, वादात उतरू नये. नववं म्हणतं, निकालांनाच बोलू द्यावं, प्रसारमाध्यमांना मुलाखती देऊ नयेत. जरासं अलिप्त राहावं, त्याच कोर्टातल्या वकिलांशी फार घसट ठेवू नये, शेअरमध्ये सट्टा करू नये हेही त्यात आहे. शेवटचं सोळावं कलम मला सगळ्यांत आवडतं: आपल्याकडे लोकांचं सतत लक्ष आहे हे विसरू नये.

जगभरात बंगळुरू तत्त्वं म्हणून जी ओळखली जातात, त्यांचा पहिला मसुदा २००१ साली आपल्याच बंगळुरूत तयार झाला आणि पुढच्या वर्षी हेगला त्यावर शेवटचा हात फिरला. न्यायाधीश इतर नागरिकांसारखाच आहे, त्यालाही अभिव्यक्तीचा हक्क आहे, पण तो वापरताना पदाची शान आणि निःपक्षपातीपणा राखावा, असा त्यांचा सूर आहे.

न्यायाधीश काही बोलला नाही, नुसता स्टेजवर बसला, तर काय बिघडलं?

या प्रश्नावर मी दरवेळी एकच गोष्ट सांगते. कोर्टाचं नाव आणि साल नको.

माझा पक्षकार नवी मुंबईच्या एका गावठाणातला सत्तरीचा आगरी म्हातारा. वाद वडिलोपार्जित घराच्या जागेचा, समोर विकासक. तारखेच्या दिवशी आम्ही कोर्ट हॉलबाहेरच्या बाकावर नाव पुकारायची वाट बघत होतो. त्याने खिशातून काच तडकलेला मोबाईल काढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. ‘मॅडम, यो आपलाच साहेब हाय ना?’

साहेब आमचेच होते. समई पेटवत होते. शेजारी हात जोडून विकासक उभा. मागच्या बॅनरवर लहान मुलींचं नृत्य, कोपऱ्यात विकासकाच्या कंपनीचं चिन्ह. मी चौकशी केली तेव्हा कळलं की साहेबांची मुलगी त्या नृत्यवर्गात शिकत होती, पालक म्हणून ते गेले होते आणि आयत्या वेळी निवेदिकेने त्यांना वर बोलावलं. कार्यक्रमाला पैसे कोणी दिले हे त्यांना ठाऊकही नव्हतं. भाषण नाही, शब्द नाही, एक समई.

मी समोरच्या वकिलांशी बोलले, आम्ही दोघांनी ते साहेबांच्या कानावर घातलं. साहेब सरळ माणूस. पुढच्या तारखेला त्यांनी भर कोर्टात फोटोचा विषय स्वतःहून काढला आणि म्हाताऱ्याला विचारलं, ‘बाबा, तुमची काही हरकत असेल तर मी हे प्रकरण दुसरीकडे पाठवायला लिहितो.’ म्हाताऱ्याने हात जोडले. ‘नाय साहेब, काय हरकत नाय.’ बाहेर आल्यावर मला म्हणाला, ‘तोंडावर हरकत हाय कसा सांगू?’

दावा आम्ही हरलो. निकाल मी तीनदा वाचला, कायद्याने चोख होता. अपिलात जायचा सल्ला मी दिला नाही. पण आजही तो भेटला की म्हणतो, त्या फोटोपायी जागा गेली. त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे निकालपत्र आहे, त्याच्याकडे फोटो आहे. मर्यादा कुठे आखायची हे मी तेव्हापासून त्या बाकावर बसून ठरवते. साहेबांच्या मनात काय होतं हे बाकावरच्याला दिसत नाही, समई दिसते.

पण पूर्वीचे न्यायाधीश तर केवढे बोलायचे! न्यायमूर्ती रानडे?

हा प्रश्न नौपाड्यातले आजोबा विचारतात, आणि बरोबर विचारतात. महादेव गोविंद रानडे सरकारी न्यायखात्यात नोकरीला असताना सार्वजनिक सभा चालवत होते, प्रार्थना समाजात प्रवचनं करत होते. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा ते तिथे हजर होते. १८९३मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाल्यावरही सामाजिक परिषद त्यांनी सोडली नाही. १८९५ला पुण्यात काँग्रेसच्या मंडपात ती परिषद भरवण्यावरून टिळकपक्षाशी केवढा कलगीतुरा रंगला! मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा त्यांचा ग्रंथ १९००मध्ये आला, तेव्हाही ते न्यायासनावरच होते. नारायणराव चंदावरकर तर १९०० साली लाहोरला काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि लगेच १९०१मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती.

मग नियम आजच कशाला? माझ्या मते दोन कारणं आहेत. रानड्यांचे विषय बघा: विधवाविवाह, संमतिवय, देशी उद्योग, इतिहास. ते समाजाला आरसा दाखवत होते, आणि दाखवत होते ते बहुतेक वेळा स्वतःच्याच जातीला. ते बोलणं खपलं नाही तर त्याची किंमतही स्वतःच मोजत होते. १८७९ साली वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला त्यांचा संशय आला आणि धुळ्याला बदली झाली. टाळ्या घेण्यासाठी बोलणारा माणूस असली किंमत मोजत नाही.

दुसरं कारण साधं आहे. तेव्हा सरकार परकं होतं आणि मतपेटी नव्हती. आज न्यायाधीशाच्या एका वाक्याचं दुपारपर्यंत प्रचाराचं पोस्टर होतं.

रामशास्त्र्यांचं नावही या चर्चेत निघतंच. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री आपल्याला आठवतात ते दिलेल्या निर्णयासाठी, भाषणासाठी नाही.

२०१८ची चार न्यायमूर्तींची पत्रकार परिषद चूक की बरोबर?

१२ जानेवारी २०१८. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या दिल्लीतल्या घराच्या हिरवळीवर गोगोई, लोकूर आणि कुरियन जोसेफ त्यांच्यासोबत बसले आणि सरन्यायाधीश प्रकरणांचं वाटप कसं करतात यावर उघड नाराजी बोलले. मुंबईच्या सीबीआय कोर्टाचे न्यायाधीश लोया यांच्या मृत्यूबाबतच्या याचिकेचा विषयही तिथे निघाला. आमच्या बार रूममध्ये त्या दुपारी कोणी जेवलं नाही.

अक्षरशः पाहिलं तर नवव्या कलमाचा भंग. पण ते कुठल्या पक्षकाराच्या बाजूने बोलले नाहीत, घरातला कारभार बिघडलाय असं घरातल्यांनीच सांगितलं. मला ते तेव्हा पूर्ण पटलं होतं, आज अर्धं पटतं. त्यांच्यातले गोगोई त्याच वर्षी सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर चार महिन्यांत, मार्च २०२०मध्ये, राज्यसभेवर नियुक्त झाले. उरलेलं अर्धं तिथे गेलं.

चालू प्रकरणावर टीव्हीला मुलाखत दिली तर?

तसं घडलंय. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय शिक्षकभरती घोटाळ्याची प्रकरणं ऐकत होते आणि २०२२मध्ये त्यांनी एका बंगाली वाहिनीला मुलाखत दिली. एप्रिल २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने खडसावलं की प्रलंबित प्रकरणावर मुलाखती देणं हे न्यायाधीशाचं काम नाही, आणि प्रकरण दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं. त्यावर गंगोपाध्याय यांनी त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाच्या महासचिवांनाच आदेश काढला की आपल्या मुलाखतीचा अनुवाद रात्री बारापर्यंत पाठवा. रात्री खास बसून सुप्रीम कोर्टाने तो आदेश थांबवला. मार्च २०२४मध्ये त्यांनी राजीनामा दिला, दोन दिवसांत भाजपमध्ये गेले, जूनमध्ये तमलुकमधून खासदार झाले. त्यांचे निकाल योग्यही असतील. पण त्यांच्यापुढे हरलेल्याला ते आता कोण पटवणार?

देवाधर्माच्या कार्यक्रमाला न्यायाधीशाने जाऊ नये का?

जावं की. घरी गणपती बसवावा, वारीला जावं, कोपिनेश्वराला अभिषेक करावा. अडचण श्रद्धेची नाही, ती कॅमेऱ्यापुढे मांडण्याची आहे.

११ सप्टेंबर २०२४ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या दिल्लीतल्या घरी पंतप्रधानांनी गणपतीची आरती केली आणि ते चित्रण सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे गणपतीला आलेल्याला कोणी परत पाठवत नाही, हे खरं. पण शिवसेनेच्या नाव-चिन्हाचा वाद तेव्हा सुप्रीम कोर्टात पडून होता. ठाणेकरांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको, इथल्या प्रत्येक नाक्यावर दोन शाखा आहेत. पुढच्याच महिन्यात खेड तालुक्यातल्या कनेरसरला, आपल्या मूळ गावी, ते म्हणाले की अयोध्येच्या प्रकरणात मार्ग सापडावा म्हणून मी देवापुढे बसलो होतो. गावकऱ्यांना ते आपलेपणाचं वाटलं असेल. पण त्या खटल्यात जो पक्ष हरला होता, त्याच्या कानाने ते वाक्य एकदा ऐकून बघा.

अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती शेखरकुमार यादव यांचं भाषण मात्र त्याहून फार पुढचं होतं. ८ डिसेंबर २०२४ला, हायकोर्टाच्याच आवारात, विश्व हिंदू परिषदेच्या कार्यक्रमात ते म्हणाले की हा देश बहुसंख्याकांच्या इच्छेनेच चालेल. विषय होता समान नागरी कायदा, म्हणजे कधीही कोर्टात येऊ शकणारा. इथे कुठलं कलम मोडलं हे शोधत बसायची गरजच नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जजसाहेब आहेत. त्यांनी फॉरवर्ड टाकला तर चालतं का?

‘उद्या पाणी येणार नाही’ टाकला तर चालतं.

फेसबुकचं उदाहरण सांगते. मध्य प्रदेशात सेवेतून काढलेल्या दोन महिला न्यायाधीशांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात चालू होतं. त्यातल्या एकीच्या फेसबुकवरच्या लिखाणाचा विषय निघाला तेव्हा न्यायमूर्ती नागरत्ना तोंडी म्हणाल्या की न्यायाधीशाने संन्याशासारखं राहावं, घोड्यासारखं राबावं, फेसबुकवर जाऊ नये. तारीख होती १२ डिसेंबर २०२४, यादवांच्या भाषणानंतर चौथा दिवस. पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये त्या दोघींना सेवेत परत घेण्याचा आदेश सुप्रीम कोर्टानेच दिला.

आणि सोसायटीचं चेअरमनपद?

सोळा कलमांतलं दुसरंच कलम क्लब, संस्था वगैरेंच्या निवडणुका लढवायला मनाई करतं. कायद्याशी संबंधित संस्था तेवढी सोडली आहे. पार्किंगच्या भांडणातून साहेब आपोआप सुटतात, हा त्यांचा फायदाच समजा.

मर्यादा ओलांडली तर कारवाई कोण करतं?

इथे तो वरचा-खालचा फरक येतो, आणि माझा राग इथेच आहे.

खालच्या न्यायाधीशाने चूक केली तर हायकोर्ट निलंबित करू शकतं, वेतनवाढ रोखू शकतं, सक्तीने निवृत्त करू शकतं, बडतर्फीपर्यंत नेऊ शकतं. न्यायमूर्तींना मात्र पदावरून दूर करण्याचा मार्ग संसदेतून जातो. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांची नोटीस, चौकशी समिती, दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. न्या. रामस्वामींविरुद्धचा ठराव १९९३मध्ये पडला. न्या. सौमित्र सेन यांनी २०११मध्ये राज्यसभेने ठराव केल्यावर लोकसभेची वेळ येण्याआधी राजीनामा दिला. दोन्ही प्रकरणं पैशांची होती, बोलण्याची नव्हती. मधला मार्ग म्हणून सुप्रीम कोर्टाने १९९९पासून अंतर्गत चौकशीची पद्धत ठेवली आहे. तिची पायाभरणी आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या एका मुख्य न्यायमूर्तींच्या प्रकरणातून, १९९५च्या निकालात झाली. त्यात काम काढून घेता येतं, राजीनाम्याचा सल्ला देता येतो.

यादवांना कॉलेजियमने, म्हणजे नेमणुका-बदल्या ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने, बोलावून घेतलं, राज्यसभेत ५५ खासदारांनी नोटीस दिली. याउलट तालुक्याच्या कोर्टातल्या पोरसवदा न्यायाधीशाने तसलं एक वाक्य बोललं असतं तर आठवडाभरात त्याच्या टेबलावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली असती. खालच्यांसाठी दोरखंड आणि वरच्यांसाठी रांगोळी, अशी ही रेषा आहे.

कोर्टात बसून बोललेलं यात येतं का?

काटेकोरपणे नाही, पण आता भिंत पातळ झाली आहे. सुनावणीतले तोंडी शेरे हुकुमाचा भाग नसतात. २०२१मध्ये मद्रास हायकोर्टाने निवडणूक आयोगाला कोविडवरून जे तोंडी सुनावलं, त्याबद्दल सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, आणि माध्यमांना वार्तांकनापासून अडवायलाही नकार दिला. पण सप्टेंबर २०२४मध्ये कर्नाटक हायकोर्टातल्या एका न्यायमूर्तींचा बंगळुरूच्या एका वस्तीला पाकिस्तान म्हणणारा तुकडा देशभर फिरला. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, त्यांनी खेद व्यक्त केला आणि विषय मिटला.

निवृत्त झाल्यावर काहीही बोलता येतं?

हो, आणि बोलावंही. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर २०२३ला वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यात कोणाला काही खटकायचं कारण नव्हतं. खटकतं ते घाईने मिळालेलं पद. न्या. बहारुल इस्लाम यांनी १९८३मध्ये सुप्रीम कोर्टातून राजीनामा दिला तोच निवडणूक लढवायला. सरन्यायाधीश गवई यांनी २०२५मध्ये लंडनमध्ये स्पष्ट सांगितलं की निवृत्तीनंतर लगेच सरकारी पद घेणं किंवा राजीनामा देऊन निवडणूक लढवणं यातून न्यायालयावरच्या विश्वासाला तडा जातो.

मग न्यायाधीशाने गप्पच बसायचं?

अजिबात नाही. एप्रिल २०१६मध्ये सरन्यायाधीश ठाकूर पंतप्रधानांसमोर न्यायाधीशांच्या कमतरतेबद्दल बोलता बोलता रडले. त्याने कुठली मर्यादा मोडली असं मला वाटत नाही, उलट तेच बोलायला हवं होतं. इंग्लंडमध्ये १९५५पासून न्यायाधीशांना माध्यमांपासून दूर ठेवणारे नियम होते, १९८७मध्ये ते उठवले आणि आभाळ कोसळलं नाही. हंगेरीच्या सरन्यायाधीशांना सरकारच्या सुधारणांवर टीका केली म्हणून पदावरून घालवलं, तेव्हा २०१६मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो त्यांच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग ठरवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग उमेदवार ट्रम्प यांच्यावर बोलल्या आणि काही दिवसांत त्यांनाच खेद व्यक्त करावा लागला. कोर्टाच्या दुखण्याबद्दल बोला, उमेदवाराबद्दल नको.

आम्ही न्यायाधीशावर टीका केली तर आत टाकतील का?

निकालावर रास्त टीका करायला १९७१चा अवमान कायदाच मुभा देतो. २००६च्या दुरुस्तीनंतर, जनहितासाठी केलेल्या खऱ्या विधानाचा बचावही घेता येतो. हेतूवर शिंतोडे उडवू नका, एवढं पाळा. साहेब उत्तर द्यायला येणार नाहीत.

निमंत्रणपत्रिका छापून झाली आहे, त्यावर जजसाहेबांचं नाव आहे. आता?

त्यांना विचारलं होतं का? नव्हतं ना. मग आज संध्याकाळी मंडळाच्या पोरांना बसवा आणि त्या ओळीवर पांढरी चिकटपट्टी लावा. प्रमुख पाहुणे म्हणून एखादे निवृत्त मुख्याध्यापक चालतील. फ्लेक्स लागला असेल तर तो मात्र आधी उतरवा, कोर्टात येताजाता साहेबांची गाडी त्याच रस्त्याने जाते.